घरचाच ऊस, घरचीच गाडी

भालकी, जि. बीदर

प्रिय दोस्ता,

तिकडे बर्फात तुझी बॅटरीवरची गाडी मुक्यानं पळते म्हणतोस. आपली पिकअप मात्र अजून गल्लीला उठवूनच निघते. तीच रे, आजोबांनी लिलावात घेतलेली जीप, मागचं कापून हौदा बसवलेली. महिंद्रानं १९४७ पासून मुंबईत विलीस जीप जुळवायला घेतल्या, त्याच घराण्यातली. शाळेला जाताना चोक ओढायचा मान तुझा असायचा.

यंदा तुरीची पोती घेऊन आडतीला निघालो की चढावर खोकायची, गचके द्यायची. चोक ओढला की तेवढ्यापुरती बरी. मी म्हटलं, प्लग गेले. मिस्त्रीचाचांनी नुसता आवाज ऐकला आणि म्हणाले, "हवा ज्यादा, तेल कम. कार्बोरेटर खोलो."

खोलला. तळाशी तपकिरी चिकटा, कडेला पांढरी भुकटी, रबरी नळी तर फुगून लिबलिबीत. दोष कुणाचा म्हणशील? आपल्याच उसाचा! पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल २०२२ ला झालं, २०२५ ला २० टक्के. त्यातलं काही उसापासूनही होतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. शिवाय एक किलो पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते, इथेनॉलला नऊच किलो. नव्या गाडीतला कॉम्प्युटर हे ओळखून तेल वाढवतो. आपल्या गाडीला अक्कल एवढीच, तेल मोजून सोडणाऱ्या जेटचं पितळी भोक. तेही निव्वळ पेट्रोलच्या मापाचं.

मी जेटमध्ये तार घालायला गेलो तर चाचांनी हातावर चापट मारली. पितळ मऊ, तारेनं भोक मोठं होतं नि माप बिघडतं. थिनरमध्ये भिजवायचं, हवेनं फुंकायचं. मग पेट्रोलची पातळी राखणारा पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला, तर एका सांध्यातून बुडबुडे! डाग दिला, पण अगदी थेंबभर. डाग जड झाला तर फ्लोट खाली बसतो आणि पेट्रोल वाहून जातं.

गॅस्केटचा संच उदगीरला मिळाला नाही, हैदराबादेहून मागवला. १९५६ ला आपण हैदराबाद राज्यातून बाहेर पडलो, सामानाची वाट तीच राहिली. जेटही एक माप मोठा घातला.

शेवटी मिक्श्चरचा स्क्रू. हलकेच टेकेपर्यंत आत, मग दीड फेरा बाहेर, आणि तिथून पुढे कानावर भरवसा. मी पेचकस फिरवतोय, चाचा डोळे मिटून "हल्लू, हल्लू" करतायत, आणि शेजारचा टायरवाला कानडीत "स्वल्प तडीरी" म्हणून मलाच थांबवतोय. एका क्षणी इंजिनाची धडधड एकसारखी झाली. तिघंही गप्प.

काल पोती भरून नेली. चढावर एकदाही खोकली नाही. पेट्रोल थोडं जास्त पिते, पण उसाच्या गावात राहून तिला काय बोलणार!

दिवाळीला ये. चोक तूच ओढ. फक्त आता अर्धाच ओढायचा, पूर्ण ओढलास तर बंद पडते.

तुझाच,
भालकीकर