न बिघडणाऱ्या यंत्राचं देणं

ज्यांचं पोट प्रिंटर बिघडण्यावर चालत होतं, त्यांनीच मला सहसा न बिघडणारा प्रिंटर निवडून दिला. ते देणं अजून माझ्या डोक्यावर आहे, आणि ते फेडायची वाट त्या प्रिंटरनेच बंद करून टाकली आहे.

काकांचं दुकान नारायण पेठेत, एका वाड्याच्या जिन्याखाली. पाटीवर ‘टोनर रिफिलिंग व दुरुस्ती’ एवढंच. आत उघडून ठेवलेली मशीनं, रोलरांनी भरलेले बिस्किटांचे डबे आणि बसायला एक स्टूल. त्यांना सगळेच काका म्हणत आणि ते सगळ्या बायकांना ताई म्हणत, मग समोरची विशीतली असो की साठीतली. त्याआधी ते एका डीटीपी सेंटरमध्ये होते. श्रीलिपीत मजकूर जुळवायचा, लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग काढायचं, पेस्टिंग करायचं आणि मग ते प्लेटला द्यायचं, अशी पुस्तकं निघत त्या काळातली ही गोष्ट. ट्रेसिंगचा कागद प्रिंटरच्या उष्णतेने गुंडाळी होऊन बाहेर यायचा, तो सरळ कसा काढायचा हे पेठेत काकांइतकं कुणालाच जमत नसे, असं त्यांचे जुने सोबती सांगतात.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. पडद्यावर प्रुफं तपासता येतात म्हणणारे पुष्कळ भेटतात; ऱ्हस्व वेलांटी पडद्यावर दडून बसते आणि कागदावर सापडते, एवढंच मी त्यांना सांगते. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणायची माझी पद्धत २०२० च्या टाळेबंदीत मोडली. नवऱ्याचं कर-सल्ल्याचं ऑफिस हॉलमध्ये आलं, मुलाच्या कॉलेजची सबमिशन्स सुरू झाली, सासऱ्यांना पेन्शनच्या प्रत्येक कागदाच्या दोन प्रती हव्यात. घरात शाईचा एक छोटा प्रिंटर होता. दोन आठवडे वापरला नाही की त्याच्या हेडमधली शाई वाळायची, आणि हेड साफ करण्यातच उरलेली शाई संपायची. दुकानं उघडली तशी मी नवऱ्याने बनवलेली आठ मॉडेलांची यादी घेऊन काकांकडे गेले.

यादी त्यांनी घडी करून मला परत दिली. मग प्रश्न सुरू केले. महिन्याला पानं किती? रंग कशाला लागतो? स्कॅन करता ते कागद सुटे की बांधलेले, नवे की जुने? राउटर कुठल्या खोलीत आहे? इन्व्हर्टरवर काय काय टाकलंय? हा शेवटचा प्रश्न मला अगदीच असंबद्ध वाटला. त्यांनी समजावलं: लेझरमध्ये शाई नसते, प्लास्टिकची बारीक पूड असते. ती कागदावर विद्युतभाराने चिकटते आणि मग फ्यूजर तिला वितळवून पक्की करतो. तो रोलर दोनशे अंशांच्या आसपास तापतो, आणि तापताना क्षणभर घरातल्या इस्त्रीइतकी वीज ओढतो. “यूपीएसवर लावाल तर प्रिंटर राहील बाजूला, यूपीएसच किंचाळेल. भिंतीतल्या सॉकेटला लावा. लाइट गेली तर प्रुफं थांबतील, त्याने काय होतंय!”

रंगाचं म्हणाल तर त्यांनी तो विषय एका वाक्यात उडवला. रंगीत लेझरला चार टोनर लागतात, आणि तुमच्या घरात रंग लागतो तो मुलाच्या प्रोजेक्टच्या मुखपृष्ठाला. ते बाहेर काढा. इंक टँकचं मात्र त्यांनी मोकळेपणाने कौतुक केलं. पानाचा खर्च त्याच्याइतका कमी लेझरचा नाही, हे स्वतःहून सांगितलं. मग माझ्या झोळीतलं एक प्रूफ मागून घेतलं, शाईच्या प्रिंटरवर काढलेलं. बोट ओलं करून एका ओळीवरून फिरवलं. ओळ पसरली. शेजारच्या लेझरवरच्या पानावर तेच केलं. काही झालं नाही. “तुम्ही यावर हायलायटर फिरवणार, फाउंटन पेनने लिहिणार, आणि जूनमध्ये पिशवीत घालून प्रेसवर नेणार.” खर्चाचा हिशोब तिथेच संपला.

स्कॅनरच्या बाबतीत त्यांना घाई नव्हती. ऑल-इन-वन घेताना लोक प्रिंटरकडे बघतात आणि झाकणाकडे बघतच नाहीत, ही त्यांची जुनी तक्रार. नवऱ्याच्या अशिलांच्या जाडजूड फायली म्हटल्यावर कागद आपोआप ओढून घेणारा फीडर हवाच. शिवाय खरेदीखतं लीगल साइजची असतात. सपाट काचेवर ए-फोर मावतो आणि खालच्या सह्या कापल्या जातात, फीडरमधून मात्र लांब कागद जातो. पण माझ्याकडे येतात ती वयस्कर लेखकांची हस्तलिखितं, पाठकोऱ्या कागदांवर लिहिलेली, चिकटपट्टीने जोडलेली. ती फीडरमध्ये चुकूनही घालायची नाहीत, काचेवरच ठेवायची, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. आणि पुढे कधी स्कॅनवर वरपासून खालपर्यंत काळी रेघ आली तर मशीनला शिव्या घालायच्या नाहीत. मोठ्या काचेच्या शेजारी एक बोटभर रुंदीची काचेची पट्टी असते, फीडरमधला कागद तिच्यावरून सरकतो. तिच्यावर व्हाइटनरचा एक ठिपका वाळला की प्रत्येक पानावर रेघ. मुद्रितशोधकाच्या घरात व्हाइटनर असणारच, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. रेघ आली, तेव्हा ठिपका व्हाइटनरचाच होता.

मग मूळ मुद्दा. त्यांच्या दुकानात त्या वेळी सर्वांत जास्त येणारं एक मॉडेल होतं, दणकट, सुटे भाग कुठेही मिळणारं, रिफिल करायला सोपं. त्याच्यावर त्यांचं निम्मं घर चालत असावं. मी म्हटलं, मग तेच घेते की. ते म्हणाले, “ते घेऊ नका ताई. त्याला नुसती यूएसबी आहे. ज्याच्या कॉम्प्युटरला वायर, त्याचाच प्रिंटर. बाकीच्यांनी पेनड्राइव्ह घेऊन त्याच्यामागे फिरायचं.” त्यांनी सुचवलं ते मॉडेल नेटवर्कचं होतं: मागे लॅनचं सॉकेट, शिवाय वाय-फाय, कागदाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छापणारं, ड्रम आणि टोनर वेगवेगळे. काही मशीनांत ड्रम टोनरच्याच डब्यात असतो, पूड संपली की चांगला ड्रमही फेकला जातो; यात ड्रम बारा हजार पानांपर्यंत टिकावा असं कंपनी सांगत होती आणि टोनर तेवढा बदलायचा. त्या मॉडेलचं काम माझ्याकडे फारसं येत नाही, असंही त्यांनी जाता जाता सांगितलं. ते कौतुक होतं हे घरी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं.

टोनरच्या खोक्यावर पानांचा आकडा असतो, तोही त्यांनी वाचायला शिकवला. तो आकडा आयएसओच्या ठरावीक चाचणीतून येतो, ठरावीक नमुना पान पुन्हा पुन्हा छापून. ते पान विरळ असतं. आपलं पान शिरोरेखेचं, जोडाक्षरांचं, त्यात तळटिपा. आकड्यातून चतुर्थांश वजा करून चालायचं, हा काकांचा नियम. आणि मशीनसोबत येणारा पहिला टोनर बरेचदा अर्धवट भरलेला असतो, तेव्हा तो लवकर संपला म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये.

मशीन आलं त्या रविवारी काका स्वतः घरी आले. मास्क लावून, चपला दाराबाहेर, चहा नको म्हणत. मुलाने तोवर वाय-फायवर प्रिंटर जोडून मोबाईलवरून एक पान काढून दाखवलं होतं आणि तो खुशीत होता. काकांनी ते पान बघितलं, छान म्हणाले आणि पिशवीतून लॅनची केबल काढली. राउटर आणि प्रिंटर एकाच कपाटावर असताना हवेतून कशाला, असा त्यांचा सवाल होता. मोबाईल, लॅपटॉप खुशाल वाय-फायवर राहू देत, प्रिंटर तारेवर. मग राउटरमध्ये शिरून त्यांनी मुलाकडून प्रिंटरचा आयपी पत्ता कायमचा राखून घेतला. लाइट जाऊन आली की राउटर ज्याला त्याला नवे पत्ते वाटतो, लॅपटॉप जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतो, आणि पडद्यावर ‘ऑफलाइन’ येतं. घरच्या नेटवर्कवरच्या प्रिंटरच्या तक्रारींपैकी बहुतेक या एका गोष्टीने मिटतात, असं त्यांचं म्हणणं. आमच्या भागात लाइट किती वेळा जाते ते बघता मला त्यावर काही बोलायचं नाही. शेवटी प्रिंटरच्या आतल्या पानावरचा कंपनीचा पासवर्डही त्यांनी बदलायला लावला. नवा पासवर्ड टाइप होत असताना ते स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

त्या केबलीचं एक कोडं मला पुढे एका पुस्तकाच्या प्रुफांत उलगडलं. गॅरी स्टार्कवेदर या झेरॉक्सच्या इंजिनिअरच्या डोक्यात लेझरने छापायची कल्पना १९६० च्या दशकाच्या शेवटी आली. वरिष्ठांना ती पटेना, म्हणून तो १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात गेला. तिथेच १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफने इथरनेटचं, म्हणजे अशाच तारेने कॉम्प्युटर जोडणाऱ्या जाळ्याचं, पहिलं टिपण लिहिलं, आणि त्या जाळ्याचं एक मुख्य काम होतं केंद्रातले कॉम्प्युटर त्या नव्या लेझर प्रिंटरला जोडणं. म्हणजे काकांनी कपाटावर जोडलेली ती हातभर तार आणि तो प्रिंटर हे मुळात एकाच घरात वाढलेले. पुढे १९८५ मध्ये अ‍ॅपलचा लेझररायटर आला तेव्हा त्याची किंमत जवळजवळ सात हजार डॉलर होती, आणि म्हणूनच तो अनेकांनी मिळून वापरायचा या हिशोबाने नेटवर्कवर ठेवला होता. आता प्रिंटर परवडतो; जागा परवडत नाही. आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये चौघांच्या चार वायरी कुठे न्यायच्या? काकांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, “बघा, तेव्हाही तारच लावली होती.”

पैसे त्यांनी फक्त केबलीचे घेतले. पहिला पावसाळा आला तेव्हा प्रिंट फिकट यायला लागली, कागद अडकायला लागला. मला आनंद झाला, म्हटलं, आता काकांना बोलावता येईल. फोनवरच त्यांनी निकाल लावला: कागद दमट हवा प्यायला आहे, ओल्या कागदावर पूड नीट चढत नाही; रीम प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, ट्रेमध्ये रोजचेच कागद घाला. नंतर पानावर एक बारीक काळा ठिपका पुन्हा पुन्हा येऊ लागला. त्यांनी पट्टी घेऊन दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजायला सांगितलं. मी चौऱ्याण्णव मिलिमीटर सांगितलं. “मग ड्रम आहे. तीस मिलिमीटर जाडीच्या ड्रमचा घेर तेवढाच भरतो. पुसून घ्या, कसा ते सांगतो, आणि उजेडात उघडा ठेवू नका.” हाही फोनवरच. टोनर तरी त्यांच्याकडून घेईन म्हटलं, तर त्यांनी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानाचं नाव सांगितलं. तिथे ओरिजिनल टोनर त्यांच्यापेक्षा स्वस्त मिळतो म्हणे.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिकेचा मजकूर तपासायला ते माझ्याकडे आले, आणि मला माझी संधी मिळाली. आशीर्वादातला रफार कुणीतरी एक अक्षर अलीकडे नेऊन ठेवला होता, मामांच्या नावातलं एक अक्षर गळलं होतं, ‘आपले विनम्र’खालच्या नावांच्या क्रमावरून घरात वाद चालू होता. मी दुरुस्त्या केल्या, मजकूर पुन्हा जुळवला आणि आमच्याच मशीनवर पान काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं नाही. खिडकीशी जाऊन तिरकं धरलं, नखाने एक अक्षर खरवडून पाहिलं, चारही कडा न्याहाळल्या.

“फ्यूजर उत्तम आहे,” म्हणाले. “आता चष्मा द्या, वाचतो.”