कँटीन, पण जरा हटके!

शुक्रवारची संध्याकाळ. लॅपटॉप बंद, आयडी कार्ड बॅगेत आणि सगळ्या ग्रुपचा एकच प्रश्न, 'आज कुठे?' पनीर टिक्का आणि हक्का नूडल्सचा कंटाळा आला असेल, तर सरळ लोअर परळ गाठा. इथल्या कमला मिल कंपाउंडमध्ये, काचेच्या ऑफिसांच्या गर्दीत एक कँटीन आहे. पण स्टीलचे ट्रे आणि कुपनवालं नव्हे हं! हे आहे 'द बॉम्बे कँटीन'.

२०१५ साली हे रेस्टॉरंट सुरू झालं. त्यामागच्या टीममधलं मोठं नाव म्हणजे शेफ फ्लॉइड कार्डोझ. मुंबईत जन्मलेल्या या माणसाने १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या 'तबला'तून अमेरिकनांना आपल्या मसाल्यांची स्टायलिश ओळख करून दिली होती. मार्च २०२० मध्ये कोविडने त्याचं निधन झालं. इथला फंडा मात्र तोच आहे. भारतीय जेवण म्हणजे फक्त बटर चिकन नव्हे!

मेनू सीझनप्रमाणे बदलतो, त्यामुळे अमुकच मिळेल असं धरून जाऊ नका. पण गाजलेले पदार्थ ऐका. चीज टोस्टवर अंडं आणि हिरवी मिरची घातलेलं 'एग्ज केजरीवाल' मूळचं विलिंग्डन क्लबचं. 'गुलाब नट' म्हणजे गुलाबजामच्या अंगाचा डोनट, ओल्ड माँकमध्ये भिजलेला! आणि बार्ली-ज्वारीचं सॅलड. होय, तीच आपली ज्वारी. डब्यात भाकरी दिली की आपण आईवर वैतागतो. इथे तीच ज्वारी छान प्लेटमध्ये आली की आधी फोटो काढतो!

गंमत इथेच आहे. कारण या भागाला भाकरी नवी नाही. हे गिरणगाव. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार इथल्या चाळींत एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे. त्यांना जेवू घालायच्या खाणावळवाल्या बाया. महिन्याच्या बोलीवर दोन वेळचं जेवण आणि पैसे पगार झाला की. या बायकांचं कर्ज सावकाराकडून सुटावं, त्यांना बँकेची दारं उघडावीत, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभं केलं. मग जानेवारी १९८२ मध्ये संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिरण्यांचे भोंगे थांबले, तशी खाणावळींची चूलही थंडावली. पुढे त्याच जमिनींवर मॉल उठले, ऑफिसं आली, आणि आपण आलो.

म्हणून 'कँटीन' हे नाव मला आवडतं आणि टोचतंही. आवडतं, कारण ज्या धान्याला आपण गावठी म्हणून नाक मुरडलं, त्याला इथे मान मिळतो. टोचतं, कारण ते धान्य रोज रांधणाऱ्या हातांना तो मान कधी मिळाला नाही. त्यात रेस्टॉरंटचा दोष नाही. आपल्याला चव कळायला आधी बिल मोठं यावं लागतं, हा आपला दोष.

आता कामाच्या गोष्टी. टेबल आधी बुक करा, शुक्रवारी-शनिवारी तर नक्कीच. दोघांचं बिल चार आकडी होणार हे गृहीत धरा, म्हणजे शेवटी चेहरे पडणार नाहीत. तीन-चार जण असाल तर छोट्या प्लेट्स मागवून वाटून खा, जास्त मजा येते. १५ ऑगस्टच्या सुमारास जमलं तर वेगवेगळ्या राज्यांचे पदार्थ वाढणारी त्यांची खास थाळी चुकवू नका. आणि कुठेही बसलात तरी बाहेर पडायचा दुसरा रस्ता आधी बघून ठेवा. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री याच कंपाउंडमधल्या दुसऱ्या दोन पब्जना लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. पार्टीच्या मूडमध्येही एवढं भान हवंच.

एक करून बघा. या महिन्यात इथे जा, मस्तपैकी ज्वारीचं सॅलड खा. पुढच्या महिन्यात लंच अवरला करी रोड-लालबागच्या गल्लीत 'घरगुती जेवण मिळेल'ची पाटी शोधा. भाकरी, पिठलं, ठेचा मागवा. आणि वाढणाऱ्या मावशींना आवर्जून सांगा, 'मावशी, जेवण एकदम फर्स्ट क्लास!' इथे शेफला सांगतो ना, अगदी तसंच.