चालत्या सर्व्हरची डिस्क

नव्वदच्या दशकात मुंबईतल्या एखाद्या ऑफिसात नवा सर्व्हर बसला, की तो ताब्यात घेण्याआधी त्याची एक परीक्षा व्हायची. सर्व्हर चालू, दोन-तीन टेबलांवर लोक कामाला बसलेले, आणि कॅबिनेटचं झाकण उघडं. आत दोन सारख्या डिस्क, दोन्हींवर तोच डेटा. त्यातली एक सर्वांदेखत मारायची. डिस्कच्या मागे चार पिनांचा पांढरा पॉवर कनेक्टर असे. तो इतका घट्ट बसलेला असायचा, की एका हातानं डिस्क धरून दुसऱ्या हातानं डावी-उजवीकडे हलवत ओढावा लागे. तो सुटला की डिस्कची घरघर हळूहळू उतरत जायची आणि खोलीतला प्रत्येक जण पडद्याकडे बघू लागायचा.

आम्ही याला ‘मिरर टेस्ट’ म्हणायचो. तेव्हा नॉव्हेल नेटवेअर जोरात होतं. 1991 सालचं 3.11 कितीतरी ऑफिसांत बसलं होतं आणि त्यावर फॉक्सप्रो नाहीतर क्लिपरमध्ये लिहिलेले हिशेब चालत. एका कंट्रोलरवर दोन डिस्क असल्या तर मिररिंग, दोघींना वेगवेगळे कंट्रोलर दिले तर डुप्लेक्सिंग. पैसे असतील तर दुसरंच घ्यावं, कारण डिस्कइतकाच कंट्रोलरही जायचा. पण पैसे मागणं सोपं नव्हतं. ‘दुसरी डिस्क घेतली, तिच्यावर वेगळं काहीच ठेवायचं नाही? मग ती करते काय?’ हा प्रश्न अकाउंट्सच्या साहेबांकडून हमखास यायचा, आणि तो योग्यच होता. त्याचं उत्तर तोंडी देऊन भागत नसे. म्हणून तर त्यांना समोर बसवून डिस्क काढायची. रिपोर्ट छापणारा प्रिंटर क्षणभर अडखळायचा आणि पुन्हा चालू लागायचा. साहेबांना उत्तर मिळालेलं असायचं.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू व्हायची. एक डिस्क गेली तरी काम चालतं, हे दाखवणं म्हणजे अर्धंच काम. गेलेली डिस्क परत जोडून दोन्ही पुन्हा सारख्या करणं हे उरलेलं अर्धं, आणि जीव तिथे टांगणीला लागायचा. कन्सोलवर ‘रीमिररिंग’ दिसू लागलं की पहिली भीती दिशेची. भरलेल्या डिस्कवरून रिकाम्या डिस्कवर कॉपी चालली आहे ना? उलट झालं तर काही मिनिटांत दोन्ही सारख्या होतील, सारख्याच रिकाम्या. म्हणून टेस्टच्या आधी टेपवर बॅकअप घ्यायचा आणि त्यातली एखादी फाइल परत उतरवून बघायची, हा दंडक होता. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसली जाते.

बारीकसारीक गोष्टी लॅमिंग्टन रोडवर शिकायला मिळाल्या. एकाच लॉटमधल्या दोन डिस्क घेऊ नका, एकत्र जन्मल्या तर एकत्र जातील, हे तिथल्या जुन्या विक्रेत्यांनी सांगितलं. स्कझीच्या साखळीला शेवटी टर्मिनेटर हवाच. आयडीईच्या दोन डिस्क एकाच रिबन केबलवर मास्टर-स्लेव्ह लावल्या तर तो मिरर नावालाच, कारण मास्टर अडला की स्लेव्हही अडायची. कागदावर सगळं ठीक दिसायचं. प्रत्यक्ष केबल ओढल्यावरच कळायचं, की विकणाऱ्यानं पैसे वाचवले आहेत.

विंडोज एनटी आलं आणि परीक्षेत एक पेपर वाढला. पहिली डिस्क काढल्यावर मशीन दुसरीवरून चालू होईल का? त्यासाठी खास बूट फ्लॉपी करून ठेवावी लागे. तिच्यावरच्या बूट डॉट आयएनआय फाइलमध्ये ‘आरडिस्क’च्या कंसातलं शून्य बदलून एक करायचं. ती फ्लॉपी सर्व्हरच्या कॅबिनेटला चिकटवलेली असायची आणि मुंबईच्या पावसाळ्यात तिला बुरशी धरायची. त्यामुळे श्रावणानंतर सगळ्या बूट फ्लॉप्या नव्यानं करणं हे आमचं वार्षिक कामच होऊन बसलं होतं.

आता हे सगळं कमांडवर आलं आहे. 2001 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नील ब्राउन यांनी लिनक्ससाठी असे मिरर सांभाळणारं एमडीएडीएम लिहिलं. त्यात चालत्या डिस्कला ‘फेल’ म्हणा, मग ‘रिमूव्ह’ म्हणा, मग ‘ॲड’ म्हणा. स्थिती दाखवणाऱ्या ओळीत दोन ‘यू’ असतात. डिस्क फेल केली की एका ‘यू’च्या जागी आडवी रेघ येते, आणि रिकव्हरीचा आकडा शंभर टक्क्यांवर पोहोचला की तो ‘यू’ परत येतो. झाकण उघडायचं नाही, कनेक्टरशी झटापट नाही. खरी डिस्कही लागत नाही. दोन मोठ्या फाइल तयार करून त्यांनाच डिस्क म्हणायचं आणि त्यांचा मिरर बांधायचा. डेक्कन क्वीनमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन एखादी मुलगी कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत हा मिरर हवा तितक्या वेळा तोडून जोडू शकते. आम्हाला ही संधी नव्या सर्व्हरबरोबर एकदाच मिळायची आणि तीही मालकाचा डेटा पणाला लावून. आज हा सराव फुकट झाला आहे, आणि आमच्या क्षेत्रात याहून चांगलं फार थोडं घडलं असेल.

माझ्या मते सर्वात मोठा बदल मात्र 2005 मध्ये आला. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी बांधलेली झेडएफएस ही फाइल सिस्टिम त्या वर्षी सोलारिसमध्ये दाखल झाली. आमच्या जुन्या मिररला मेलेली डिस्क ओळखता यायची, पण खोटं बोलणारी ओळखता यायची नाही. एका डिस्कनं बिनबोभाट चुकीचा डेटा दिला तर दोन प्रती वेगळ्या आहेत एवढंच फार तर कळेल. खरी कुठली, हे ठरवायला काही आधारच नव्हता. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, त्या ब्लॉकपासून दूर, त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवते. वाचताना तो जुळला नाही, तर ती दुसऱ्या डिस्कवरची प्रत वाचते, तपासते आणि पहिलीवरची चूक दुरुस्तही करते. हे पटवायला एक प्रयोग पुरतो. दोन फाइलींचा मिरर करायचा, त्यात फोटो ठेवायचे, मग एका फाइलीच्या मधोमध मुद्दाम कचरा लिहायचा आणि सगळे ब्लॉक तपासणारा ‘स्क्रब’ चालवायचा. फोटो जसेच्या तसे उघडतात, आणि कुठल्या डिस्कवर किती चुका सापडल्या याचा आकडा समोर येतो. हा प्रयोग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होतो. ज्या शंकेला आमच्याकडे उत्तरच नव्हतं, तिचं उत्तर एका रकान्यात छापून आलं होतं.

तरीही ‘फेल’ ही कमांड म्हणजे फार शहाण्यासारखं मरण आहे. खरी डिस्क अशी जात नाही. ती आधी मंदावते. एखादा सेक्टर वाचायला पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, लिनक्स तीस सेकंद वाट बघतं, आणि तोवर सगळं ऑफिस ‘सिस्टिम स्लो आहे’ म्हणून फोन करत असतं. म्हणूनच सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्क साधारण सात सेकंदांत प्रयत्न सोडून चूक कबूल करतात. केबल ओढणंही अर्थात झटक्याचंच मरण होतं, त्यामुळे या बाबतीत जुन्या पद्धतीला मी झुकतं माप देणार नाही. आज लिनक्समध्ये डिस्कला मुद्दाम उशीर करायला लावणारं डीएम-डिले आहे, आणि काही सेकंद नीट चालून पुढचे काही सेकंद चुका देणारं डीएम-फ्लेकी आहे. नव्या मुलांनी ‘फेल’वर न थांबता ही दोन्ही वापरावीत, असा माझा आग्रह असतो.

एक गोष्ट मात्र आज जास्त कठीण झाली आहे, ती म्हणजे वाट बघणं. त्या दशकाच्या अखेरीची 9.1 गिगाबाइटची डिस्क सेकंदाला दहा मेगाबाइटनं भरली तर पंधरा मिनिटांत रिबिल्ड पुरा व्हायचा. लोक काम करत असले तर तासभर. चहा यायचा, कप हातात धरून सगळे टक्के मोजायचे. आज वीस टेराबाइटची डिस्क सेकंदाला दोनशे मेगाबाइटनं लिहिली तरी जवळपास अठ्ठावीस तास लागतात. जागा दोन हजार पटींनी वाढली, वेग वीस पटींनी. त्या अठ्ठावीस तासांत दुसरी डिस्क गेली तर सगळंच गेलं, म्हणून मोठ्या डिस्कसाठी दोनऐवजी तीन प्रतींचा मिरर करणारे वाढले आहेत आणि ते बरोबरच आहे. झेडएफएस फक्त वापरातले ब्लॉक भरते, त्यामुळे डिस्क अर्धी रिकामी असली तर वेळ वाचतो. पण शेवटचा टक्का पडताना आता खोलीत कुणी नसतं. मोबाइलवर मेसेज येतो. चहासाठी जमलेली ती माणसं, त्यांची एकाच आकड्यावर खिळलेली नजर, याची मला खरोखर आठवण येते. हिशेब लिहिणाऱ्यांना आपला हिशेब कुठे राहतो आणि तो कसा वाचतो, हे त्या तासाभरात डोळ्यांनी दिसायचं.

आता तर पुष्कळांकडे काढायला डिस्कच नाही. त्यांचा डेटा क्लाउडवर असतो. ॲमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई केंद्र 2016 मध्ये सुरू झालं. तिथल्या डिस्कच्या प्रती पडद्याआड ठेवल्या जातात आणि बिघडलेला भाग कधी बदलला हे ग्राहकाला कळतही नाही. बिघाडाची रंगीत तालीम करण्याची सोय 2021 पासून त्यांनी स्वतःच दिली आहे. डिस्कचं वाचणं-लिहिणं काही वेळ थांबवायचं आणि आपलं सॉफ्टवेअर काय करतं ते बघायचं. माझ्याबरोबर काम करणारी तरुण मंडळी त्याआधी एक कागद तयार करतात. काय होईल असं वाटतं, कुणाला कळवायचं, परत कसं आणायचं. आणि त्यात एक रकाना असतो, प्रयोग कधी थांबवायचा याचा. ग्राहकांना चुका दिसू लागल्या, ठरलेली मर्यादा ओलांडली, की तालीम आपोआप बंद. आमच्या वेळी असा रकाना कुणाला सुचलाच नव्हता. परवाच्या तालमीत तो उपयोगी पडला. चौथ्या मिनिटाला प्रयोग थांबला, आणि डेटाबेस दुसऱ्या प्रतीकडे का वळला नाही हे शोधायला सगळे तिथेच, एका टेबलाभोवती बसले.