लेकीचं शिक्षण आणि कर्जाचं माप



आमच्या थोरलीला न्यूयॉर्कच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता आणि तिने तो सोडला, हे एव्हाना मंदिरात सगळ्यांना कळलंय. "अगं, एवढी संधी का घालवली?" असं चौघींनी तरी विचारलं. त्यातल्या दोघींच्या मुली पुढच्या वर्षी याच वळणावर असतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिचा विषय क्वांटिटेटिव्ह फायनान्स. म्हणजे गणित, संख्याशास्त्र आणि संगणक वापरून बाजारातल्या किमतींचा आणि जोखमीचा हिशेब मांडायचा. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हा जुगारच ना गं?" सप्तव्यसनांत जुगाराचं नाव पहिलं, तेव्हा त्यांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. सेबीच्या २०२४ च्या अहवालानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. लेक म्हणाली, "आजी, बँकेचं, विम्याचं, पेन्शनचं किती बुडू शकतं ते आधी मोजणं, हे माझं काम." तेही खरं. पण त्या ९३ टक्क्यांच्या समोर बसून कमावणाऱ्या नोकऱ्याही याच शिक्षणातून मिळतात. तसली नोकरी नको, असं ती आज म्हणते. उद्याही तिला तसं म्हणता यावं, ही माझी खरी काळजी होती.

आता हिशेब सांगते. अमेरिकेतले हे अभ्यासक्रम साधारण वर्ष ते दोन वर्षांचे. आम्हाला फी, राहणं, खाणं, विमा धरून ८० लाखांच्या आसपास कर्ज काढावं लागलं असतं. साडेदहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता १ लाख ८ हजार, आणि शिकत असतानाचं व्याज वेगळंच. डॉलरमधला पगार असेल तर हे फिटतं. पण शिक्षणानंतर तिथे काम करायची परवानगी या विषयाला बहुतेक ठिकाणी तीन वर्षांची. पुढे एच-वन-बीची सोडत, वर्षाला ८५ हजार जागा. २०२५ च्या सप्टेंबरात नव्या अर्जांवर एक लाख डॉलर फी लावण्याचा आदेश निघाला. तिथेच शिकणाऱ्यांना नंतर त्यातून मोकळं ठेवलं, पण मधल्या आठवड्यांत किती आयांची झोप उडाली असेल! कर्ज दहा वर्षांचं आणि नियम मात्र एका रात्रीत बदलणारे.

इकडे कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेली. तिथला एम.स्टॅट. दोन वर्षांचा. फीचा बोजा जवळजवळ नाही, उलट विद्यावेतन मिळतं. तिथून मुंबई-बंगळुरूच्या बँकांमध्ये याच कामाला मुलं जातात. अडचण एकच. प्रवेश परीक्षा मे महिन्यात, आणि न्यूयॉर्कची अनामत रक्कम भरायची मुदत एप्रिलमध्ये. म्हणजे हातातलं सोडून परीक्षेला बसायचं, तेही देशभरातल्या हुशार मुलांबरोबर.

आमचं ठरलं ते परिग्रहपरिमाणामुळे. हे व्रत घेताना माप आधी ठरवतात, वस्तू समोर आल्यावर नाही. डिसेंबरात, एकही पत्र आलेलं नसताना, आम्ही तिघं वही घेऊन बसलो होतो. राहतं घर तारण ठेवायचं नाही आणि कर्ज २५ लाखांपुढे न्यायचं नाही, असं लिहिलं. २५ लाखांचा हप्ता ३४ हजारांच्या आत बसतो. पुण्या-मुंबईच्या पहिल्या पगारातून तो भरता येईल, आणि मनाला न पटणारी नोकरी आली तर नाही म्हणता येईल. लाखाचा हप्ता डोक्यावर असलेल्या मुलीने नाही कशाच्या जोरावर म्हणायचं? ८० लाखांचं पत्र आलं तेव्हा तिचे डोळे भरून आले, माझेही. पण वहीतला आकडा कोणी खोडला नाही.

जाऊबाईंनी दिग्व्रताची आठवण काढली. दिशांची मर्यादा घालणारं व्रत आहेच, पण अंतर हा आमचा मुद्दा नव्हता. वीरचंद राघवजी गांधी १८९३ मध्ये समुद्र ओलांडून शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेले, तेव्हा समाजाने केवढा विरोध केला होता! तरी ते आपला आहारनियम सांभाळून राहिले. आज पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर मी स्वतः डबे बांधून देईन. शिवाय कोलकात्याच्या मेसमध्ये मासे असणारच, तेव्हा कंदमुळांचा आणि रात्रीच्या जेवणाचा प्रश्न तिथेही आहे. बेलगछियाचं दिगंबर जैन मंदिर त्याच भागात आहे, एवढाच दिलासा.

ज्यांना बाहेर पाठवायचंच आहे त्यांनी राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी जरूर करा. जैन समाजाला २०१४ पासून तो दर्जा आहे. उत्पन्नाची अट मात्र आधी वाचा.

परीक्षा झाली, निकाल यायचाय. नाहीच जमलं तर बीएमसीसी रस्त्यावरच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये फायनान्शियल इकॉनॉमिक्सची एम.एस्सी. आहे, त्याचीही परीक्षा तिने दिली आहे. पुढच्या वर्षी ज्यांची पाळी आहे त्यांनी दिवाळीनंतर लगेच वही काढा, आणि आकडा मुलीच्या हातानेच लिहून घ्या.