हेलिकॉप्टर उडवायचं नंतर, आधी एका जागी धरायचं



या पानावर आपण भात, काजू, पोफळ यांचंच बोलतो. आज हेलिकॉप्टरवर लिहितोय. आभाळातलं मोठं नव्हे, रिमोटवर उडणारं. शेवटी गाडी शेतावरच येणार आहे, तेव्हा जरा दम धरून वाचा.

आमचा पुतण्या आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन. लोट्याला एमआयडीसीत कामाला जातो. गेल्या दिवाळीचा बोनस मिळाला तो सगळा घालून त्याने पुण्यातल्या एका हौशी माणसाकडून वापरलेलं हेलिकॉप्टर घेतलं. घरात महाभारत झालं. दादा म्हणाला, "एवढ्यात दोन शेळ्या आल्या असत्या." वहिनी म्हणाल्या, "लग्नाचं वय झालं आणि हा खेळणी आणतोय." मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, आधी बघू तरी काय आहे ते. त्यानंतर वर्षभर बघितलं. जे दिसलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे हे खेळणं नाही. वजन किलोच्या आतबाहेर, एकेक पातं ३२५ मिलिमीटरचं, आणि ती पाती मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेतात. टोकाचा वेग काढला तर ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातो. २०१३ साली अमेरिकेत ब्रुकलिनमध्ये १९ वर्षांचा एक तरुण स्वतः उडवत असलेल्या हेलिकॉप्टरचं पातं लागून गेला. त्याचं यंत्र याच्याहून मोठं होतं, पण पातं ते पातंच. पुतण्याने ही गोष्ट आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितली. ते सांगितलं म्हणून मला वाटलं, पोरगा थट्टेवारी नेत नाहीय.

आता ते उडतं कसं ते बघा. मला वाटायचं मोटार जोरात फिरवली की वर जातं, हळू केली की खाली येतं. तसं नाही. पात्यांचा फिरण्याचा वेग जवळजवळ एकच ठेवतात आणि पात्यांचा तिरकेपणा बदलतात. पात्यांखाली एकावर एक दोन चकत्या असतात, त्याला स्वॉशप्लेट म्हणतात. खालची फिरत नाही, वरची पात्यांबरोबर फिरते. तीन छोट्या सर्वो मोटारी ती चकती वर-खाली करतात आणि पाहिजे त्या बाजूला कलवतात. सगळी चकती उचलली की यंत्र वर जातं, कलवली की त्या बाजूला सरकतं. शेपटीचा लहान पंखा वेगळ्या कामाला. होडीत बसून वल्हं एका बाजूला मारलं की होडी उलट बाजूला वळते ना, तसं वरची पाती एकीकडे फिरली की धड उलटीकडे फिरू बघतं. त्याला शेपटीचा पंखा धरून ठेवतो.

म्हणजे दोन हातांत दोन दांड्या आणि चार गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या. एक हलवली की बाकीच्या तीन बिघडतात.

शिकायला त्याने यंत्र हातात घेतलंच नाही. दोन महिने रिमोट लॅपटॉपला जोडून सिम्युलेटरवर बसला. पडद्यावरचं हेलिकॉप्टर शेकडो वेळा आपटलं, खर्च शून्य. मग खऱ्या यंत्राच्या खाली दोन काठ्या फुलीसारख्या बांधल्या, टोकांना प्लास्टिकचे चेंडू, म्हणजे कलंडलं तरी पातं जमिनीला लागू नये. आपल्या भागात वीजप्रकल्प आहे, कुठेही उडवून चालत नाही. डिजिटल स्कायवरच्या नकाशात हिरवं दिसतं तिथेच, जमिनीपासून १२० मीटरच्या आत, परवानगीशिवाय उडवता येतं. तशी जागा आमच्या साडूंच्या शेताची निघाली. भात कापून झालेलं, धसकटं उपटून खाचर साफ केलं आणि दर रविवारी तिथे सुरू.

मी हौसेने बघायला गेलो. मला वाटलं आता गिरक्या मारेल. दीड महिना पोराने यंत्र गुडघ्याच्या वर नेलं नाही. मी म्हटलं, "अरे, उडव की वर." तर म्हणतो, "काका, वर नेणं सोपं हाय. एका जागी धरणं जमलं पाहिजे, नायतर वर गेलेलं खाली कसं आणू?"

आणि मंडळी, ते एका जागी धरणंच सगळ्यात अवघड. ते आपणहून कधीच स्थिर राहत नाही. वाऱ्याची झुळूक आली, सरकलं. जमिनीच्या जवळ आपल्याच पात्यांचा वारा उलटून लागतो, तेव्हाही सरकतं. सरकलेलं डोळ्यांना दिसेपर्यंत हात हललेला पाहिजे. तोही तांदळाएवढा, जास्त हलला की दुसऱ्या बाजूला पळालं. आजकाल आपोआप सरळ राहण्याची सोय असलेली यंत्रं पण येतात. याने ती सोय बंद करून शिकायचं ठरवलं होतं.

आधी शेपटी आपल्याकडे ठेवून धरायचं. ते नांगरामागून बैल हाकण्यासारखं, बैलाचं डावं ते आपलं डावं. मग आडवं धरायचं. शेवटी तोंड आपल्याकडे. तिथे डावं-उजवं सगळं उलटं होतं, आणि भल्याभल्यांचं तिथेच आपटतं. त्याला तोंडाकडून धरायला पाच महिने लागले.

आता मेंटेनन्स. एका बॅटरीवर उडतं सहा मिनिटं. पण त्या सहा मिनिटांच्या आधी आणि नंतर मिळून तासभर पडवीत बसून काम. आमच्या अलोऱ्यात यंत्राची माणसं कमी नाहीत, कोयना प्रकल्पाने ती आयती दिलीत. प्रकल्पातून रिटायर झालेले एक शेजारी संध्याकाळी चष्मा लावून येऊन बसायला लागले. ते एकच सांगायचे, "फिरणारी वस्तू लहान असो नाहीतर टर्बाइन, तोल बिघडला की ती स्वतःलाच खाते."

म्हणून दोन्ही पाती काट्यावर तोलायची. हलक्या पात्याला चिकटपट्टीचा तुकडा लावून वजन सारखं करायचं. मग एका पात्याच्या टोकाला रंगीत पट्टी लावून लांबून डोळ्याच्या रेषेत बघायचं. दोन्ही टोकं एकाच पातळीत फिरताना दिसली तर ठीक, एक वर एक खाली दिसलं तर बंद करून जोडकाडी अर्धा आटा फिरवायची. लोखंडात जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळा थ्रेडलॉक, नाहीतर थरथरीने स्क्रू निसटतो. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्याला मात्र तो लावायचा नाही, प्लास्टिक तडकतं. मोटारीचं लहान चाक मोठ्या दातेरी चाकाला किती भिडवायचं, तर मध्ये कागदाची पट्टी घालून बघायचं. पट्टी फाटली तर घट्ट, दाताचे वळ उमटून सरकली तर बरोबर. आपल्या दमट हवेत बेअरिंग लवकर खरखरतात, तेही बोटाने फिरवून बघायचं.

बॅटरीचं वेगळंच सोवळं. लिथियम पॉलिमरचा एकेक सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करायचा नाही आणि पार रिकामा करायचा नाही. आठवडाभर उडवायचं नसेल तर ३.८ च्या आसपास ठेवायचा. फुगलेली बॅटरी वापरायची नाही. चार्जिंगला लावून बाजारात जायचं नाही, ती पेट घेते. आधी रिमोट चालू, मग यंत्र. बंद करताना आधी यंत्र, मग रिमोट. आणि कुत्रा बांधलेला, पोरं बांधाच्या पलीकडे.

मार्चमध्ये एका रविवारी ते आपटलं. पुरुषभर उंचीवरून बांधावर. पाती तुटली, शेपटीची नळी वाकली. संध्याकाळी घरी आणलं तेव्हा दादा काही बोलला नाही, नुसता पडवीत येऊन उभा राहिला. पोराने पेपर पसरून एकेक भाग सुटा केला. दिसायला सरळ दिसणारी एक बारीक दांडी, पात्यांच्या मधून आरपार जाणारी, ती काचेवर घरंगळवली. डुगडुगली. "ही वाकलीय. ही तशीच ठेवली असती तर पुढच्या वेळी पातं हवेत सुटलं असतं." मग शेपटीकडे जाऊन बघितलं तर एक जोड सैल. आपटलं कशाने तेही सापडलं. त्याने वहीत तारीख घालून लिहून ठेवलं. लाईट गेले तेव्हा टॉर्च दादाने धरला. त्या दिवसापासून शेळ्यांचा विषय निघाला नाही.

आता शेतावर येतो. रिमोटचं हेलिकॉप्टर नीट काबूत आलं ते १९७० च्या सुमारास, जर्मनीत डिटर श्लूटर नावाच्या माणसाच्या खटपटीतून. ती हौसच होती. पण जपानने ती शेतात आणली. तिथे भाताची खाचरं लहान, शेतकरी म्हातारे होत चाललेले, पोरं शहरात. ओळखीचं वाटतं ना? यामाहाने १९८७ साली आर-५० नावाचं वीस किलो औषध उचलणारं बिनमाणसाचं हेलिकॉप्टर भातावर फवारणीसाठी काढलं, १९९७ मध्ये आरमॅक्स आणलं. आपल्याकडे आता जे ड्रोन-ड्रोन चाललंय, ते जपानच्या भातशेतीत तेव्हापासून चालू आहे.

आपल्याकडे आलं ते चार-सहा पंख्यांचं यंत्र. 'थ्री इडियट्स' सिनेमात २००९ साली बघितलं तसं. ते मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या पोरांच्या आयडियाफोर्ज कंपनीचं होतं. हे ड्रोन हेलिकॉप्टरपेक्षा उडवायला फार सोपं. जीपीएस असलं की हात सोडला तरी जागेवर उभं राहतं. मोठ्या सपाट शेताला उत्तमच. पण आपली वाडी तशी आहे का? बाजूला डोंगर, वर झाडी, मधून विजेच्या तारा. जीपीएस दबकलं की ड्रोन वाऱ्याबरोबर वाहू लागतं, आणि तेव्हा ते हातानेच धरायला लागतं. ज्याने सहा महिने यंत्र गुडघाभर उंचीवर धरून ठेवलंय त्याचा हात तिथे घाबरणार नाही. अजून एक. मोटार बंद पडली तर हेलिकॉप्टर पात्यांच्या फिरण्यावरच, तिरकेपणा बदलत, सावकाश उतरवता येतं, शिकलेला असला तर. या ड्रोनला ती सोय नाही, ते दगडासारखं येतं. म्हणून त्याचं मेंटेनन्स तर जास्तच कडक पाहिजे.

हे सगळं मला का पडलंय? आमच्या वाडीतला पोफळीवर चढणारा पाडेली चार वर्षांपूर्वी भर पावसात शेवाळलेल्या खोडावरून घसरला. कंबर गेली, बसून आहे. दुसरा साठीचा झाला. कोळे रोगाला बोर्डो मारायचं ते पावसाच्या तोंडावर आणि परत महिना-सव्वा महिन्याने, म्हणजे खोड सगळ्यात निसरडं असतं तेव्हाच. आता कुठल्या आईने आपला पोरगा वर चढवावा? ड्रोनने पोफळीचा प्रश्न सगळा सुटेल असं मी म्हणत नाही. घोस झावळ्यांच्या खाली असतो, वरून मारलेलं औषध झावळीवरच राहतं, आणि मोरचूद-चुन्याचा गाळ नोझलमध्ये बसतो. पण भाताला आणि उंच आंब्याला उपयोग दिसतो. पोफळीलाही कोणी हात बसलेला माणूस बाजूने जाऊन मारू शकेल का, हे करून बघायला हवं. ते बघायला माणूस आपलाच पाहिजे.

नियम सांगतो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे पायलट सर्टिफिकेटसाठी वय १८ ते ६५ आणि शिक्षण दहावी पास लागतं, वर डीजीसीएने मान्यता दिलेल्या संस्थेत ट्रेनिंग. दोन किलोपर्यंतचं यंत्र नुसतं छंदासाठी उडवायला हे सर्टिफिकेट लागत नाही. पैसे घेऊन फवारणी करायची तर लागतं. म्हणजे दहावीवाला मी पण बसतो, पण माझे डोळे नाही म्हणतात. बचत गटातल्या बायकांसाठी २०२३ च्या नोव्हेंबरात नमो ड्रोन दीदी योजना मंजूर झाली. १५,००० गटांना ड्रोन, किमतीच्या ८० टक्के आणि जास्तीत जास्त ८ लाख मदत. त्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे पायलटबरोबर गटातल्या किंवा घरातल्या एकाला दुरुस्तीचं पण ट्रेनिंग ठेवलंय. हे दुसरं माणूस नीट निवडा. ज्याला पाना धरता येतो आणि वहीत लिहायची सवय आहे असं.

आमच्या घरात बसून ठरलं. पुतण्या पायलट ट्रेनिंगला जाणार. फी थोडी नाही. अर्धी तो त्याच्या पगारातून भरेल, अर्धी मी काजूच्या पट्टीतून देतोय. दादाने अट घातली की नोकरी लगेच सोडायची नाही, पहिलं वर्ष सुट्टीच्या दिवशीच कामं घ्यायची. पोराने मान्य केलं. वहिनींची अट वेगळी, लग्न लांबवायचं नाही. त्यावर तो अजून काही बोललेला नाही.

तुमच्या गावात असा कोणी हौशी पोरगा यंत्र घेऊन माळावर उभा असेल तर त्याला रिकामटेकडा म्हणू नका. एकदा जाऊन बघा, यंत्र किती उंच नेतो ते नाही, आपटल्यावर काय करतो ते. आणि कोणी पोफळीवर ड्रोनने बोर्डो मारून बघितलं असेल तर नोझल कुठलं, पाणी किती, घोसापर्यंत पोचलं का, ते खाली जरूर लिहा. पावसाच्या आधी कळलं तर बरं.