पत्रिका जुळली, पण वजन किती?

लॅपटॉप घेणं म्हणजे अगदी दाखवून-बिखवून केलेलं लग्न. समोर येते ती फक्त पत्रिका: प्रोसेसर, रॅम, एसएसडी. स्वभाव कळतो तो घरी आणल्यावर! गेला महिनाभर मी अशा पाच पत्रिका शेजारी-शेजारी मांडून बसलेय. फ्रीलान्स पत्रकाराचं ऑफिस म्हणजे त्याची सॅक, आणि मानधन कधी येईल ते देवालाच ठाऊक. तेव्हा मशीन निदान पाच वर्षं टिकायलाच हवं.

राहते विक्रोळीत. म्हणजे स्लो लोकल, चौथी सीट आणि सॅक मांडीवर. (सीट मिळाली तर!) म्हणून माझी यादी सुरू होते वजनापासून. २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सनं पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला तेव्हा सगळे थक्क झाले होते. तो होता १.३६ किलोचा. आज सव्वा किलोवाले ढिगानं मिळतात. पण गंमत बघा, जाहिरातीतल्या वजनात चार्जर धरलेलाच नसतो, आणि तो पाव किलोच्या घरात जाऊ शकतो.

बॅटरीचंही तसंच. ‘अठरा तास’ वाचून हुरळून जाऊ नका, ते बहुधा मंद उजेडात व्हिडिओ चालवून मोजलेले असतात. बघायचा तो वॉट-अवरचा आकडा. बॅटरी ५४ वॉट-अवरची आणि माझे वीस टॅब मिळून सरासरी ९ वॉट खाणार, तर सरळ भागाकार: सहा तास. तेही नवी असताना.

प्रोसेसरवर मात्र उगाच वेळ जातो. पातळ बॉडीत तो तापला की स्वतःच वेग कमी करतो, मग महागडा घेऊन काय मिळवलं? व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी विचार करावा, माझ्यासारख्या शब्द बडवणाऱ्यांनी एक पायरी खालचा घ्यावा.

खरी मेख आहे रॅममध्ये. पूर्वी लॅमिंग्टन रोडला जाऊन ती वाढवून आणता यायची. या सडपातळ मंडळींमध्ये ती बहुतेकदा मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. म्हणजे बिल फाडलं त्या दिवशीच मशीनचं आयुष्य ठरलं. ज्या गोदरेजच्या कारखान्यांभोवती आमची विक्रोळी वाढली, त्या गोदरेजनं १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. तो लोकलमधून कोणी नेला नसता, पण रिबन संपली की नवी घालायची आणि पुन्हा खडखडाट सुरू! इथे तसं नाही. ॲपलनंसुद्धा ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरला किमान १६ जीबी दिली. एसएसडी मात्र बऱ्याच विंडोज मॉडेल्समध्ये नंतर बदलता येते.

त्यामुळे त्याच पैशांत ८ जीबी रॅम आणि ५१२ची एसएसडी, की १६ जीबी आणि २५६ची, असा प्रश्न आला तेव्हा मी डोळे मिटून दुसरीवर टिक केली. आता उरलेत दोन उमेदवार. शनिवारी दुकानात जाताना किचनमधला वजनकाटा सोबत नेणार आहे, चार्जरसकट तोलायला. हसा खुशाल!