ध्रुवपद एकदाच वाचणारा वाचक

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात मी ‘गीतरामायणा’तील एक गीत शिकवीत होतो. चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो, ते. आशय सुबोध, दृष्टान्त परंपरागत, रचना एकपदरी, असा निर्वाळा देऊन मी पुढे निघालो, तेव्हा एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, तुम्ही ध्रुवपद एकदाच वाचलंत.” आक्षेप साधा होता; पण माझ्या प्रबंधातील एक संपूर्ण प्रकरण त्याने डळमळीत केले. त्या प्रकरणात ‘गेयता’ हा शब्द मी जवळजवळ सर्वत्र उणेपणाची खूण म्हणून वापरला होता.

ग. दि. माडगूळकरांची शब्दरचना आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेले ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर सुरू झाले आणि पुढील रामनवमीला, १९ एप्रिल १९५६ रोजी, संपले. मध्ये अधिक भाद्रपद आला. गीते ५६ झाली. आठवड्याला एक नवे गीत कागदावरून चालीत आणि चालीतून गायकाच्या गळ्यात जाई. या प्रवासात गीताची संहिता नेमकी कोठे सिद्ध होते, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

वाचताना आपण ध्रुवपद एकदा वाचतो आणि पुढे जातो. गाताना ते पुनःपुन्हा परतते आणि परतताना पूर्वीचे राहत नाही. माणूस पराधीन आहे, हे रामाचे विधान आरंभी कैकेयीला दोषमुक्त करते. सागरात क्षणभर भेटून दुरावणाऱ्या दोन ओंडक्यांचा दृष्टान्त वाल्मीकींच्या अयोध्याकांडातलाच. पण त्यानंतर तेच विधान समोर घडत असलेल्या भावांच्या भेटीलाही लागू होते आणि सांत्वनाला वियोगाची धार येते. अखेरीस भरताला परत पाठविताना तेच शब्द कठोर होतात. पराधीनतेचा सिद्धान्त सांगणारा राम स्वतःचा निश्चय मात्र तसूभरही सोडीत नाही. हा अंतर्विरोध कोणत्याही एका कडव्यात नाही. तो आवर्तनातून निर्माण होतो.

गीतातील गुंतागुंत भर घातल्यानेच वाढते, असेही नव्हे. आकाशवाणीवर पात्रांनुसार गायक होते. सीतेची अनेक गीते माणिक वर्मांनी गायिली. पुढे रंगमंचावर फडके एकटेच सारी गीते गाऊ लागले. आवाज कमी झाले, पण निवेदनाचा एक दडलेला पदर उघडा पडला. पहिल्याच गीतात कुश-लव रामापुढे रामकथा गातात. म्हणजे पुढील प्रत्येक पात्राचे बोलणे तत्त्वतः त्या गाणाऱ्यांच्याच मुखातले. राम आणि सीता एकाच गळ्यातून बोलू लागले की, आपण कथा ऐकतो आहोत आणि कथेचा नायकही आपल्याबरोबर ती ऐकतो आहे, याची जाणीव होते. कीर्तनकाराच्या श्रोत्याला हे नवीन नाही. समीक्षकाला मात्र ते शिकावे लागते.

प्रबंध प्रसिद्ध करताना ते प्रकरण मी गाळले. ते अजून नव्याने लिहून झालेले नाही. लिहावयास बसलो की आधी गीत ऐकावे लागते, आणि ऐकल्यावर लिहिलेले पहिले वाक्य बदलावे लागते.